नायकाची आई आणि बारकूची आई

फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण तिथल्या दोन बायांची आठवण लोकांनी जपून ठेवली आहे. लहानांनी ती कान देऊन ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा मन देऊन.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या कडेला दोन घरं होती, मध्ये फक्त एक काटेरी कुंपण. एका घरात हौसा राहायची, दुसऱ्यात ठकू. दोघींचे नवरे तरुणपणीच वारले होते. दोघींना एकेकच मुलगा. हौसाचा खंडू, ठकूचा बारकू.

दोघी अंबाडीचे दोर वळून पोट भरत. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकीने टोक घट्ट धरायचं, दुसरीने पीळ देत देत मागे सरकायचं. त्यामुळे दिवसभर दोघी समोरासमोर. हसायच्या, भांडायच्या, पुन्हा बोलायला लागायच्या. एकीच्या घरी कालवण कमी पडलं तर दुसरीच्या घरून वाटी यायची. पोरं तर कुठल्या घरात जेवली आणि कुठल्या घरात झोपली, हे सकाळीच कळायचं.

त्या राज्याचा राजा मोठा जुलमी होता. त्याला आपल्या राजधानीभोवती डोंगराएवढा तट बांधायचा होता. त्यासाठी तो गावोगावची माणसं वेठीला धरून नेई. नेलेल्यांतली फार थोडी परत येत.

एक दिवस राजाचे शिपाई ह्या गावात आले. सगळे माना खाली घालून उभे होते. खंडू तेवढा पुढे झाला आणि म्हणाला, "ह्या गावातलं माणूस मिळणार नाही." त्याला मार बसला. पण त्याच आठवड्यात तो रानात निघून गेला, आणि हळूहळू चारी दिशांची माणसं त्याच्याभोवती जमू लागली.

बारकूही त्याच्याबरोबर निघाला. बारकू काही शूरबिर नव्हता. पावसात भिजला की खोकायचा आणि साप दिसला की ओरडायचा. पण खंडू जाईल तिथे जायचं, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

निघताना ठकूने खंडूचा हात धरला. म्हणाली, "नेतोस तसा परत आण."

"आणीन, मावशी," खंडू म्हणाला.

वर्षं गेली. रानातली माणसं वाढत गेली, राजाचे शिपाई कमी होत गेले. शेवटी एका सकाळी डोंगरापलीकडून नगारे ऐकू आले. राजा पळून गेला होता. लोकांनी खंडूपुढे मुकुट धरला. त्याने तो घेतला नाही. "मला राजा म्हणू नका," तो म्हणाला. तेव्हापासून लोक त्याला नायक म्हणू लागले, आणि अवघा देश त्याच्या शब्दाने चालू लागला.

गावात गुलाल उडाला. रानात गेलेली पोरं परत येऊ लागली. ठकू वेशीवर जाऊन उभी राहिली. एक एक जण आला, आपापल्या आईच्या गळ्यात पडला. बारकू आला नाही.

मग एक निरोप्या आला. त्याने ठकूला सांगितलं, "बाई, तुमचा मुलगा देशाच्या कामी आला."

"कुठे?" ठकूने विचारलं. "कसा?"

"वीरासारखा," निरोप्या म्हणाला, आणि घोडा वळवून निघून गेला. त्याला अजून पुष्कळ गावं गाठायची होती.

ठकू घरी आली. हौसा कुंपणापाशी उभीच होती. ठकूने तिच्याकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि कुंपणाकडचं दार लावून घेतलं. ते दार पुन्हा उघडलं नाही.

आता हौसाचं काय झालं, ते ऐका.

गावकऱ्यांना वाटलं, नायकाच्या आईने झोपडीत राहावं हे आपल्या गावाला शोभत नाही. त्यांनी गावातल्या टेकाडावर तिच्यासाठी दगडी घर बांधलं. दारात पहारा ठेवला. बसायला नक्षीचं आसन दिलं. हौसा नको नको म्हणत होती, पण लोक म्हणाले, "मातोश्री, तुम्ही नाही म्हटलंत तर गावाचं मन मोडेल." म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी तिने अंबाडीची मोळी सोडली, तर बाया धावत आल्या. "मातोश्री, तुम्ही आणि काम?" त्यांनी मोळी उचलून नेली. ती पाण्याला निघाली, तर हातातला हंडा काढून घेतला. ती ओट्यावर येऊन बसली, तर सगळ्या उठून उभ्या राहिल्या.

"अगं, बसा ना," हौसा म्हणाली.

"छे छे, तुमच्यासमोर कशा बसू?"

रोज माणसं येत. पायांवर डोकं ठेवत. कुणाला भावाला कारभारात चिकटवायचं असे, कुणाला शेजाऱ्याची खोड मोडायची असे. "नायकांच्या कानावर घाला," म्हणत आणि निघून जात. हौसाला काय वाटतं, हे कुणी विचारत नसे. ती जे म्हणेल त्याला सगळे मान डोलवत.

एकदा भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, ती सहज म्हणाली, "आज पाऊस येणार वाटतं." तिला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणीतरी म्हणेल, हौसे, तुला वेड लागलंय का? पण बायांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि धावत जाऊन अंगणातलं वाळत घातलेलं धान्य गोळा करून आत नेलं.

हौसा त्या रिकाम्या, तापलेल्या अंगणाकडे पाहत राहिली. भोवती एवढी माणसं होती, पण तिच्याशी भांडणारं त्यांत एकही नव्हतं.

आणि खंडू? तो येत नव्हता. त्याच्याकडून शाली येत, सुकामेवा येत असे, चंदनाची पेटी आली होती. हे सगळं आणणारा माणूस दर खेपेला सांगे, "नायकांना वेळच मिळत नाही, मातोश्री. केवढा देश आहे!"

"खरंय," हौसा म्हणे. "केवढा देश आहे."

तो माणूस गेला की ती शाल घडीसकट पेटीत ठेवी आणि ओट्यावर येऊन खिंडीकडे पाही. डोंगरातल्या त्या खिंडीतूनच राजधानीची वाट गावात उतरत होती. खिंडीत कुणी दिसलं की तिला वाटे, चालण्याची ढब खंडूसारखी आहे. जवळ आलं की तो भलताच कुणी असे. असं कितीदा झालं, कोण जाणे. तरी रोज ती बघायचीच.

एका दुपारी पहारेकऱ्याचा डोळा लागला असताना हौसा टेकाड उतरली आणि ठकूच्या दाराशी गेली. ठकू अंगणात एकटीच दोर वळत होती. दोराचं एक टोक तिने खांबाला बांधलं होतं.

हौसा खांबापाशी गेली, टोक सोडलं आणि आपल्या हातात घट्ट धरलं. ठकूचे हात थांबले.

"सोड ते," ठकू म्हणाली.

"नाही सोडत."

"सोड, हौसे."

कितीतरी काळाने कुणीतरी तिला नावाने हाक मारली होती. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने टोक सोडलं नाही.

"माझा राग येतो तुला?" तिने विचारलं. "माझा आहे आणि तुझा गेला, म्हणून?"

ठकूने हातातली अंबाडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझा राग नाही गं. पण मला एक सांग. बारकू कसा गेला? ज्याला विचारते तो म्हणतो, वीरासारखा. वीरासारखा म्हणजे कसा? त्याला भाला लागला का? बुडाला का? त्याला तहान लागली होती का? जवळ कुणी होतं का? बाकीच्या बायांची पोरं गेली, त्या बाया सांगतात, असं झालं, तसं झालं, आणि रडतात. मी कशावर रडू? माझ्या हातात एक शब्द दिलाय, तो काही माझ्या पोरासारखा दिसत नाही. तुझ्या घराकडे पाहिलं की वाटतं, ज्याला ठाऊक आहे तो ह्याच घरातला आहे, आणि तोच सांगत नाही. म्हणून दार लावलं."

हौसाने दोराचं टोक पुन्हा खांबाला बांधलं. "मी विचारून येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. अंगावर जुनं लुगडं, पदराला भाकरी बांधलेली. पहारा बरोबर घेतला नाही, पालखी मागवली नाही.

वाट लांबची होती. वाटेत एका धर्मशाळेत ती टेकली. तिथे काही वाटसरू बाया दळण करत गाणं म्हणत होत्या. गाणं नायकाच्या आईचं होतं. नायकाची आई पर्वतासारखी उंच, तिच्या डोळ्यांत विजा. तिने पाळण्यातच त्याला शौर्य शिकवलं, आणि निघताना त्याच्या हाती तलवार देऊन म्हणाली, जिंकल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.

हौसा ऐकत राहिली. खंडू निघाला तेव्हा ती म्हणाली होती, "भिजू नकोस." आणखी काही सुचलंच नव्हतं तिला.

एका बाईने सरकून तिला जागा दिली आणि भाकरीवर ठेचा वाढला. "कुठे निघालीस एवढ्या उन्हाची?"

"मुलाकडे."

"किती मुलं?"

"एकच."

"येतो का भेटायला?"

"नाही येत."

"का गं?"

हौसाने तोंड उघडलं. केवढा देश आहे, असं म्हणायची तिला सवय झाली होती. पण इथे तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून खोटं बोलायचं कारणही नव्हतं. "ठाऊक नाही," ती म्हणाली. आणि ते शब्द स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं, की खरंच आपल्याला ठाऊक नाही.

राजधानीत ती पोचली तेव्हा नायक लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसला होता. ती रांगेत उभी राहिली. पुढचा माणूस बाजूला झाला आणि खंडूने मान वर केली.

"आई!"

तो धावत आला. त्याने तिला मिठी मारली, आणि सगळ्या सभेसमोर लहान मुलासारखा रडला. हौसाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस पिकले होते. खांद्याची हाडं हाताला लागत होती. देशाने त्याला फार चांगलं सांभाळलं नव्हतं.

दोघं आत बसून जेवली. खंडूने स्वतः तिला वाढलं. मग हौसाने विचारलं, "तू गावाकडे का येत नाहीस?"

"काम, आई. इथून हलता येत नाही."

"बरं," हौसा म्हणाली. "बारकू कसा गेला?"

खंडूचा घास हातात राहिला. "वीरासारखा," तो म्हणाला.

"हे मला निरोप्यानेही सांगितलंय. तेवढं ऐकायला मी एवढी वाट तुडवली नाही." तिने खाली पाहिलं. "लहानपणी खोटं बोललास की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचास. आत्ताही उकरतोयस."

खंडूने पाय मागे घेतला.  मग त्याने ताट बाजूला सारलं.

"त्याला ताप होता, आई. रानातला ताप. राजाचे स्वार मागावर होते. आमच्याबरोबर पोरंबाळं होती, म्हातारी माणसं होती. बारकूला मी पाठीवर घेतला होता, पण माझ्यामुळे सगळेच मागे पडत होते. त्याने पाणी मागितलं. मी त्याला एका झाडाखाली ठेवला आणि म्हणालो, आणतो. मला तेव्हाच ठाऊक होतं, आई, की मी परत येणार नाही. परत फिरलो असतो तर सगळेच मेले असते. मी चुकलो असं कुणी म्हणणार नाही. पण मी त्याला 'आणतो' म्हणालो. आणि त्याने विश्वास ठेवला."

बाहेर सभेतला गलका ऐकू येत होता.

"मी दोनदा गावाकडे निघालो होतो," खंडू खाली मान घालून म्हणाला. "खिंडीपर्यंत आलो. वरून ठकूमावशीच्या घरातला धूर दिसला. आणि पाय पुढे पडेना. दोन्ही वेळा तिथूनच परत फिरलो."

 हौसा रोज त्या खिंडीकडे बघत बसलेली होती. म्हणजे कधीतरी तो खरोखरच तिथे होता.

"मला वाटायचं, तुला मी आठवत नाही," ती म्हणाली. "तू तर तिला टाळत होतास. पण लेकरा, दोन्ही घरांची वाट एकच आहे रे. तिचं दार टाळलंस, त्यात माझंही टळलं."

"तूच सांग तिला," खंडू म्हणाला. "मला नाही जमायचं."

"नाही. पाणी आणतो असं मी म्हणाले नव्हते."

तेवढ्यात म्हातारा प्रधान पुढे आला. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. वाईट माणूस नव्हता, पण त्याला काळजी होती. "मातोश्री," तो हात जोडून म्हणाला, "ही गोष्ट बाहेर गेली तर लोक म्हणतील, नायकाने मित्राला रानात टाकलं. लोकांचा विश्वास उडेल. हवं तर आपण बारकूच्या नावाने मोठं देऊळ बांधू. त्याच्या आईला मानाचं आसन देऊ."

"आसनावर मीच बसतेय ना," हौसा म्हणाली. "त्यात काय सुख आहे ते मला विचारा. तिला आसन नकोय. तिला तिचं पोर कसं गेलं ते हवंय."

ती उठली. खंडू म्हणाला, "आई, राहा ना इथे." तिचंही मन फार झालं. एवढ्या वर्षांनी तो हाताच्या अंतरावर होता. पण ती थांबली नाही.

"यायचं असेल तर ये," दारातून ती म्हणाली. "नाही आलास तर एवढं कर, मला शाली पाठवू नकोस."

हौसा गावी परतली आणि सरळ ठकूकडे गेली. ठकू उठून उभी राहिली. हौसाच्या तोंडाकडे पाहूनच तिला समजलं, की हिला कळलंय.

"सांग," ठकू म्हणाली.

"मी सांगणार नाही, ठकू. ज्याच्या डोळ्यांसमोर झालं, त्यानेच तुझ्यासमोर बसून सांगायला हवं. मी सांगितलं तर तो कायमचा सुटेल, आणि तुला पुन्हा ऐकीवच मिळेल."

"आणि तो आला नाही तर?"

हौसाने खिंडीकडे पाहिलं.

"मग तूही त्यांच्यातलीच," ठकू म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दिवस हौसाला सगळ्यांत कठीण गेले. ती दगडी घरात गेलीच नाही. कुंपणाशेजारच्या आपल्या जुन्या घराची दारं तिने उघडली, जाळी काढली, चूल सारवली. गावाला हे आवडलं नाही. "मातोश्रींनी आमच्या कष्टांचं चीज केलं नाही," लोक म्हणू लागले. येणारी माणसं कमी झाली, मग थांबलीच. पलीकडे ठकू बोलत नव्हती. हौसाच्या पोटात ती गोष्ट निखाऱ्यासारखी होती आणि ती कुणाला सांगायची नव्हती. कधी कधी ती कुंपणापर्यंत जाई, सांगून टाकावं म्हणून तोंड उघडी, आणि परत फिरे. खिंडीकडे मात्र तिने आता बघणं सोडलं होतं. आला तर त्याच्या पायाने येईल, असं ती मनाला सांगे.

म्हणून तो आला तेव्हा तिला दिसलाच नाही.

दुपारची वेळ होती. हौसा चुलीशी होती. बाहेर पावलं वाजली, म्हणून ती दारात आली. खंडू एकटाच, पायी, धुळीने भरलेला, तिच्या दारावरून पुढे चालला होता. त्याने आईकडे पाहिलं, पण थांबला नाही. हौसानेही हाक मारली नाही. तो ठकूच्या अंगणात गेला आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला.

"मावशी," तो म्हणाला. "मी खंडू."

ठकू बाहेर आली. त्याने सगळं सांगितलं. ताप सांगितला, स्वार सांगितले, पाणी सांगितलं. 'आणतो' म्हणालो तेही सांगितलं. हौसा कुंपणाच्या अलीकडे उभी राहून ऐकत होती. तिला आत जावंसं वाटत होतं, पण ती जागा तिची नव्हती.

 तो थांबल्यावर ठकूने विचारलं, "झाडाला सावली होती का?"

"होती, मावशी. दाट होती."

"त्याला कळलं होतं का, तू येणार नाहीस ते?"

खंडूला हुंदका आला. "ठाऊक नाही. तो म्हणाला, लवकर ये. हसला आणि म्हणाला, साप असेल इथे."

ठकू पुढे झाली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, खांद्यावर मारू लागली. त्याने हात वर केला नाही. मारता मारता तिचे हात दमले, आणि ती त्याच्यासमोर बसून रडू लागली. एवढ्या वर्षांत गावाने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिचा आवाज पार टेकाडापर्यंत गेला.

डोळे पुसून ती म्हणाली, "मी तुला माफ करीन की नाही, ते मला सांगता येत नाही. पण आता माझं पोर मला दिसलं. साप म्हणाला ना? तो बारकूच."

मग तिने कुंपणाकडे पाहिलं. "हौसे, तिकडे काय उभी आहेस? तुझा मुलगा आलाय. पाणी दे त्याला."

थोड्या दिवसांनी तिघं रानात गेली. ठकूला ते झाड पाहायचं होतं. खंडूने खूप शोधलं. पण मधल्या काळात रान वाढलं होतं, आणि सगळी झाडं सारखीच दिसत होती. खंडू ह्या झाडाकडून त्या झाडाकडे जाई आणि मान हलवी. शेवटी तो हताश होऊन खाली बसला.

ठकूने चारी बाजूंना पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. "ह्यातलंच एक आहे ना? मग मी ह्या सगळ्यांखाली बसून घेते." आणि ती खरोखरच एका झाडाखालून उठून दुसऱ्याखाली, दुसऱ्याखालून तिसऱ्याखाली जात राहिली. हौसा तिच्याबरोबर प्रत्येक झाडाखाली बसली. 

प्रधानाची भीती अगदीच खोटी नव्हती. गोष्ट देशभर गेली. काही लोकांनी नायकाला नावं ठेवली, काही त्याला सोडून गेले. नायकाच्या आईची गाणी बंद पडली. पण बारकूसारखी ज्यांची मुलं परत आली नव्हती, त्या आया राजधानीत येऊ लागल्या. त्या विचारत, "आमचा कसा गेला?" खंडूला जे ठाऊक होतं ते तो सांगे, जे ठाऊक नव्हतं ते ज्याला ठाऊक असेल त्याला शोधून काढी, आणि त्या आईच्या दारी त्याला स्वतः घेऊन जाई. ज्यांच्याशी असं खरं बोललं गेलं, ते लोक मात्र त्याला कधी सोडून गेले नाहीत.

आणि वर्षातून एकदा, पेरण्या आटोपल्या की, डोंगराची खिंड उतरून एक पिकल्या केसांचा माणूस गावात येऊ लागला. आधी तो ठकूच्या ओट्यावर बसे. मग आईकडे जाई आणि पोटभर जेवे. बाकीचं वर्ष हौसा एकटीच असायची. पण आता तो का येत नाही, असं कुणी विचारलं, तर तिला खोटं सांगावं लागत नसे.

तर मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: एका दाराशी सांगायचं राहिलेलं खरं माणसाला आपल्या आईच्या दारापासूनही दूर ठेवतं.